बिजागरी हा किरकोळ भाग नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घडी घालून खिशात ठेवता येणारे, उघडल्यावर खाली कळफलक आणि वर पडदा असलेले छोटे संगणक गेल्या काही वर्षांत पुन्हा बाजारात दिसू लागले आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना प्रोसेसर कोणता, पडदा किती इंचांचा, बॅटरी किती तास चालते याची चर्चा सविस्तर होते. कळफलक आणि पडदा या दोन भागांना जोडणाऱ्या बिजागरीविषयी मात्र एखादे वाक्यही सापडत नाही. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांसाठी साचे बनवण्याच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आणि जुनी हातसंगणक यंत्रे उघडून पुन्हा चालू करण्याचा मला छंद आहे. या दोन्ही अनुभवांवरून माझे ठाम मत झाले आहे की, असे यंत्र किती वर्षे हाताशी राहणार हे बहुतेक वेळा बिजागरीच ठरवते, आणि तरीही आराखडा करताना तिला सर्वांत शेवटी उरलेल्या जागेत बसवले जाते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

दाराच्या बिजागरीला दार पेलायचे असते आणि फिरू द्यायचे असते, एवढेच. संगणकाच्या बिजागरीला याशिवाय पडदा हव्या त्या कोनात धरूनही ठेवावा लागतो. त्यासाठी तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेले असते : पोलादी पिनेभोवती आवळून बसवलेली स्प्रिंगची पट्टी, किंवा एकावर एक रचलेल्या चकत्या आणि त्यांना दाबून धरणारे वाटीच्या आकाराचे वॉशर. या घर्षणामुळे फिरण्याला जो विरोध होतो तो बिजागरीचा टॉर्क; टॉर्क म्हणजे फिरवणारा किंवा फिरणे रोखणारा जोर, आणि तो बळ गुणिले बिजागरीपासूनचे अंतर असा मोजतात. तो किती असावा, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण छोट्या यंत्रात तो खराखुरा पेच आहे.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. पडद्याच्या झाकणाचे वजन १५० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ मिलिमीटरवर आहे असे धरू. झाकण आडवे असताना त्याच्या वजनामुळे बिजागरीवर येणारा टॉर्क सुमारे ०.०६६ न्यूटन-मीटर होतो. काम करताना झाकण उभ्या रेषेच्या ३० अंश मागे कललेले असते, तेव्हा तो निम्मा, म्हणजे ०.०३३ उरतो. आता पडदा स्पर्शाने चालणारा असेल आणि बोटाने वरच्या कडेशी, बिजागरीपासून ८५ मिलिमीटरवर, एक न्यूटनचा दाब दिला, तर त्यात ०.०८५ची भर पडते. एकूण झाले ०.११८. कालांतराने घर्षण थोडे कमी होणार हे गृहीत धरले, तर दोन्ही बिजागऱ्या मिळून सुरुवातीला ०.१५ न्यूटन-मीटर तरी टॉर्क हवा, नाहीतर प्रत्येक स्पर्शाला पडदा मागे सरकेल.

आता खालच्या भागाकडे पाहू. त्याचे वजन २५० ग्रॅम आणि गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून ४२ मिलिमीटर पुढे असेल, तर त्याला टेबलावर धरून ठेवणारा टॉर्क फक्त ०.१०३ येतो. म्हणजे बिजागरी पुरेशी घट्ट केली की पडदा जागचा हलणार नाही, पण बोट लावताच अख्खे यंत्रच मागे उलटेल. आणि झाकण एका अंगठ्याने उघडायला जावे, तर खालचा भागही त्याच्याबरोबर वर उचलला जाईल. मोठ्या लॅपटॉपमध्ये खालच्या भागाचे वजन हा पेच झाकून टाकते. हातात मावणाऱ्या यंत्रात तो पहिल्या दिवसापासून समोर असतो आणि केवळ बिजागरी घट्ट किंवा सैल करून तो सुटत नाही.

यावरचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर मला १९९७ साली ब्रिटनमध्ये आलेल्या सायन सीरीज ५ या यंत्रात दिसते. डेव्हिड पॉटर यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या सायन कंपनीचे हे यंत्र. त्याची घडी मार्टिन रिडिफर्ड या औद्योगिक आरेखकाने घडवली. झाकण उघडू लागले की कळफलक आपोआप पुढे सरकतो, पडदा त्याच्या मागच्या कडेवर टेकून बसतो आणि दोन पेन्सिल सेलची जागा मागच्या बाजूला राहते. त्यामुळे यंत्र जिथे उलटले असते तो टेकू पडद्याच्या बराच मागे जातो. स्टायलसने पडद्यावर कितीही लिहा, यंत्र मागे कलत नाही. म्हणजे येथे टॉर्कचा प्रश्न टॉर्क वाढवून सोडवलेला नाही. यंत्राचा तोलच बदलून तो मुळात हलका केला आहे. मी अशी घडी प्रथम हाताने उघडून पाहिली तेव्हा कितीतरी वेळ ती नुसती उघडत आणि मिटत बसलो होतो, आणि आजही नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी आधी तीच दाखवतो. याच रिडिफर्ड यांनी वीस वर्षांनंतर लंडनच्या प्लॅनेट कॉम्प्युटर्सच्या जेमिनी या यंत्राचे काम केले आणि त्या यंत्राची घडी सायनच्याच कुळातली आहे.

मात्र एवढ्या बुद्धिमान रचनेतही एक जागा कच्ची राहिली, आणि ती होती पडद्याकडे जाणारी केबल. सीरीज ५ वापरणाऱ्यांना हा दोष चांगला ठाऊक आहे : काही वर्षांच्या उघडझापीनंतर पडद्यावर रेघा उमटू लागतात, झाकण विशिष्ट कोनात धरले की त्या जातात, आणि पुढे एक दिवस पडदा कोराच राहतो. पातळ पट्टीसारखी ही लवचिक केबल घडीच्या जागी वारंवार वाकून तिच्यातली तांब्याची रेघ तुटलेली असते. यंत्र पूर्ण शाबूत, पण दिसत काहीच नाही.

केबलचे गणित खरे तर शाळकरी आहे. ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर सुमारे एक टक्का ताण येतो. तांबे पट्टीच्या पृष्ठभागाजवळ असेल, तर एवढ्या ताणाने ते काही हजार वेळा वाकल्यावर तुटण्याची शक्यता मोठी. तेच तांबे, १८ मायक्रॉन जाडीचे, पट्टीच्या बरोबर मध्यावर ठेवले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचा थर दिला, तर त्याच त्रिज्येत त्याच्यावरचा ताण ०.१८ टक्क्यांवर येतो. दिवसाला २५ वेळा यंत्र उघडले, तर पाच वर्षांत सुमारे ४५ हजार वेळा उघडझाप होते. या दोन केबलांपैकी कोणती तिथवर पोहोचेल हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. त्यातही लाटलेले आणि तापवून मऊ केलेले तांबे वापरावे, विद्युत-विलेपनाने बनवलेले नको. आणि सर्वांत उत्तम म्हणजे केबल एका जागी दुमडू न देता बिजागरीच्या पोकळ नळीत दोन-तीन वेढे देऊन सैल गुंडाळावी, म्हणजे झाकणाचे १५०-१७० अंशांचे फिरणे सगळ्या वेढ्यांत वाटले जाते आणि कोणत्याही एका जागी ताण साचत नाही. त्यासाठी नळीचा व्यास मोठा लागतो, आणि यंत्र पातळ करण्याच्या अट्टहासात पहिला बळी याच व्यासाचा जातो.

ही चूक फक्त जुन्या काळातली आहे असे कोणी समजू नये. अॅपलच्या २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याची केबल बिजागरीवरून इतकी ताणून नेली होती की, ती झिजून पडद्यामागचा प्रकाश खालच्या बाजूने पट्ट्यापट्ट्यांनी जाऊ लागला. २०१८ च्या मॉडेलात हीच केबल सुमारे दोन मिलिमीटरने लांब केलेली आढळली, आणि मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची यंत्रांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. दोन मिलिमीटर केबलची किंमत ती काय असणार? पण ती केबल पडद्याच्या संचाचाच भाग असल्यामुळे, ती गेली की सबंध पडदाच बदलावा लागत असे. यातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येतोच.

आधी प्लॅस्टिकविषयी, कारण तो माझा रोजचा विषय आहे. बिजागरी मोडली असे आपण म्हणतो तेव्हा बिजागरी सहसा धडधाकट असते. मोडते ते तिला धरून ठेवणारे प्लॅस्टिक. असे झाकण उघडून पाहिले की एकच दृश्य दिसते : स्क्रू बसवण्यासाठीच्या प्लॅस्टिकच्या खुंटीभोवती, ज्याला आम्ही बॉस म्हणतो, पांढुरकी कडी उमटलेली असते, तिच्या मुळाशी केसासारखी भेग असते, आणि स्क्रू धरणारी आटेदार पितळी नळी, म्हणजे इन्सर्ट, स्वतःभोवती प्लॅस्टिकचा कपचा घेऊन सबंध बाहेर आलेली असते. स्क्रूचे आटे मात्र नव्यासारखे असतात. १९९४ च्या एचपी २००एलएक्स या गाजलेल्या हातसंगणकाच्या खोक्याला बिजागरीजवळ जाणारे तडे त्याच्या चाहत्यांना परिचित आहेत, आणि २००६ च्या निन्टेन्डो डीएस लाइट या घडीच्या खेळयंत्राचीही बिजागरीजवळची बाजू अशीच तडकत असे.

हे का होते ते साचा बनवणाऱ्याला बरोबर दिसते. बॉस जाड केला तर झाकणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर खळगा पडतो आणि यंत्राचे रूप बिघडते, म्हणून आरेखक त्याचे मूळ बारीक करून घेतो. म्हणजे जिथे सर्वाधिक ताण, तिथेच सर्वांत कमी माल. कोपऱ्याला गोलाई दिलेली नसते, कारण आराखड्यात ती दाखवायची राहून गेलेली असते. आणि धारदार आतला कोपरा म्हणजे भेगेला दिलेले आमंत्रण. तिसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात भोकाच्या दोन्ही बाजूंनी वाहत जाऊन पलीकडे एकमेकांना भेटते, तेव्हा तिथे वेल्ड लाइन पडते, आणि ती जागा कायमची दुबळी राहते. बिजागरीच्या भोकाजवळ ही रेषा नेमकी ताणाच्या दिशेला आडवी आली, की त्या भागाचे आयुष्य साच्यातच निम्मे होते. साच्याचे गेट, म्हणजे प्लॅस्टिक आत शिरते ते तोंड, थोडे सरकवले की रेषा दुसरीकडे नेता येते. त्याला जास्तीचा खर्च जवळजवळ येत नाही, फक्त कोणीतरी तो प्रश्न वेळेवर विचारायला हवा.

जोर कुठून कुठे जातो हे आराखड्यात रेघ ओढून दाखवता आले पाहिजे, असा माझा आग्रह असतो. पिनेतून पट्टीत, पट्टीतून स्क्रूत, स्क्रूतून प्लॅस्टिकमध्ये अशी ती रेघ जात असेल, तर प्लॅस्टिक आज ना उद्या हरणार. माणूस झाकण मधोमध धरून क्वचितच उघडतो. तो एका कोपऱ्याला धरून उघडतो आणि दोन बिजागऱ्यांचा भार एकीवर येतो. ०.१५ न्यूटन-मीटरचा टॉर्क ६ मिलिमीटर अंतरावरच्या स्क्रूवर आला, तर तो स्क्रू २५ न्यूटनने बाहेर ओढला जातो, तोही प्रत्येक उघडझापीला. यावर उपाय ठाऊक आहेत. दोन्ही बिजागऱ्या पडद्यामागच्या एकाच धातूच्या सांगाड्याला जोडाव्यात, म्हणजे पीळ धातूतून धातूत जाईल. पट्टी लांब ठेवावी आणि स्क्रू शक्यतो असे लावावेत की भार त्यांना उपटणार नाही, आडवा येईल. आणि झाकण पूर्ण उघडल्यावर थांबवणारी अडण बिजागरीच्या आत, धातूत असावी. तशी ती नसली की झाकणाची खालची कड खोक्यावर टेकते आणि तरफ तयार होते : ९० मिलिमीटरवरून दिलेला १० न्यूटनचा धक्का ४ मिलिमीटरवरच्या त्या कडेपाशी २२५ न्यूटन होऊन उतरतो. पाच सेंटिमीटरभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या कडेने तो सोसावा अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

हवामानाचाही प्रश्न आहे. कोकण किनाऱ्यावर खारी दमट हवा लागून पिनेवर गंज धरतो, ग्रीस सुकते, आणि ०.१५चा टॉर्क कळत नकळत दुप्पट-तिप्पट होतो. बिजागरी घट्ट झाली म्हणून वापरणारा समाधानी असतो आणि तिकडे बॉसच्या मुळाशी भेग वाढत असते. मग कोणी त्यात तेल सोडतो. पॉलीकार्बोनेटला अनेक तेलांचे आणि स्क्रू पक्के बसवण्याच्या द्रावणांचे वावडे असते. ताणाखाली असलेल्या भागाला ते लागले की तडे जायला वेळ लागत नाही. म्हणून ग्रीस कोणते, ते कुठवर ओघळेल आणि पिनेवर मुलामा कोणता, याचा निर्णय पुरवठादारावर सोडून देण्याजोगा नाही.

चाचण्यांविषयी मला विशेष काळजी वाटते. यंत्राच्या हाताने, मधोमध धरून, वातानुकूलित खोलीत हजारो वेळा झाकण उघडायचे आणि आकडा जाहिरातीत छापायचा, ही रूढ पद्धत आहे. सॅमसंगने २०१९ मध्ये घडीच्या पडद्याचा पहिला फोन आणला तेव्हा दोन लाख घड्या सोसण्याचा दावा केला होता. तरीही एप्रिलमध्ये समीक्षकांच्या हाती दिलेल्या काही फोनांचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले, कारण बिजागरीच्या वरच्या आणि खालच्या टोकांच्या फटींतून कचरा आत जात होता. विक्री पुढे ढकलून, त्या फटींवर टोप्या बसवून, सप्टेंबरमध्ये तो फोन बाजारात आणावा लागला. घड्यांचा आकडा कदाचित खराच असेल. धूळ त्या चाचणीत नव्हती. कोपऱ्याला धरून उघडणे, धूळ, खारट दमटपणा, आणि शेवटी किती टॉर्क उरला किंवा वाढला याचे मोजमाप, हे सगळे असल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आता दुरुस्तीकडे येतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला लॅपटॉपची बिजागरी घेऊन गेलात, तर कारागीर सांगतो की ‘हिंज’ सुटी मिळेल पण ती बसवायला प्लॅस्टिक उरलेले नाही, सबंध एबी पॅनल, म्हणजे झाकणाचे बाहेरचे आवरण आणि पडद्याभोवतीची चौकट, बदलावे लागेल. ते मिळत नसेल तर तो अरल्डाइट भरून, झाकणाला आरपार भोक पाडून नट-बोल्ट लावून देतो. त्या कारागिरांच्या हाताला मी नाव ठेवत नाही, उलट अनेक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्या बोल्टांवर चालले आहे. पण लॅपटॉपच्या झाकणात बोल्टाला निदान जागा असते. हातात मावणाऱ्या यंत्रात तेवढी जागाही नाही आणि पॅनल तर मिळतच नाही, कारण अशी यंत्रे थोड्या संख्येने बनतात आणि बनवणाऱ्या कंपन्या लहान असतात. म्हणून त्यांच्यात बिजागरी, तिचा आधार आणि केबल हे तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येतील असे आराखड्यातच ठरवावे लागते. सायनने २००१ मध्ये हातसंगणक बनवणे थांबवले; सीरीज ५ ची जी यंत्रे आजही चालतात, ती कोणीतरी केबल बदलण्याचे कष्ट घेतले म्हणून.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी लागू केलेल्या नियमांत बिजागरीचा संच आणि पडद्याची घडी घालणारी यंत्रणा यांचा सुट्या भागांच्या यादीत नावानिशी समावेश आहे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे ते दुरुस्ती व्यावसायिकांना उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाविषयी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल विभागाला सादर केला. भाग सोडवायला किती पायऱ्या लागतात, सुटे भाग मिळतात का, अवजारे कोणती लागतात, यांवर गुण देण्याची ही कल्पना मला मनापासून पटते.

माझी विनंती एवढीच की, हा निर्देशांक लॅपटॉप आणि घडीच्या हातसंगणकांपर्यंत नेताना बिजागरीचे गुण पडद्याच्या किंवा झाकणाच्या गुणांत मिसळू नयेत. उत्पादकाने बिजागरीचा सुरुवातीचा टॉर्क किती, किती उघडझापींनंतर तो किती उरतो, आणि चाचणी कोपऱ्याला धरून व दमट हवेत केली होती का, हे माहितीपत्रकात छापावे. पडद्याच्या केबलला दोन्ही टोकांना जोडणी असावी, म्हणजे ती पडद्याला हात न लावता बदलता येईल. बिजागरीचा आधार प्लॅस्टिकच्या खोक्याशी एकजीव असेल, तर त्या यंत्राचे गुण कापावेत. आणि आपल्या वृत्तपत्रात नव्या यंत्राचे परीक्षण छापताना परीक्षकाने झाकण एका कोपऱ्याला धरून उघडावे, पडद्याला वरच्या कडेशी बोट लावून पाहावे, आणि बिजागरी सुटी मिळते का हे विक्रेत्याला विचारून त्याचे उत्तर वाचकांना कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक व साचा-आरेखक
भोसरी, पुणे